मूळ नोंद

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा बटण दाबलं, तरी औषधाची पेटी उघडेना. पडद्यावर तीच लाल ओळ होती: "पेनिसिलिन चालत नाही. आजोबांकडून आईकडे, आईकडून मुलाकडे."

चार वर्षांचा अद्वय तापानं फणफणला होता, त्याची छाती घरघरत होती. त्याची आई नीलम दाराशी येरझाऱ्या घालत होती आणि तिचे वडील दिगंबरराव बाकावर बसले होते.

"दुसरं औषध यायला सहा तास लागतील," डॉक्टर म्हणाल्या. "आजोबा, मूळ नोंद तुमची आहे. ती बदलली तरच खालच्या दोघांची बदलेल. तुम्हाला नेमकं काय झालं होतं?"

दिगंबररावांनी मान खाली घातली. "काहीच नाही. विशीत गळू झालं होतं. सुई बघून हातपाय गार पडले, म्हणून 'मला पेनिसिलिन चालत नाही' अशी कंपाउंडरला थाप मारली."

नीलम जागीच थबकली. "बाबा, बाळंतपणात मला हे औषध मिळालं नाही, मी मरता मरता वाचले. तेव्हाही गप्प बसलात?"

डॉक्टरांनी चाचणीची सुई काढली. दिगंबररावांनी डोळे घट्ट मिटून बाही वर केली.

अर्ध्या तासानंतरही हातावर काहीच उठलं नाही. लाल ओळ आधी त्यांच्या नोंदीतून गेली, मग नीलमच्या, मग अद्वयच्या. पेटी उघडली. ओळीच्या जागी मात्र तिघांच्याही नावापुढे नवी नोंद उमटली: "सुईची भीती. वारशानं."

अद्वयनं सुईकडे नीट बघितलं आणि दंड पुढे केला.

"आजोबा," तो म्हणाला, "तुम्ही डोळे मिटून घ्या."