वीस मिनिटांची जुगलबंदी

गुरुवारी संध्याकाळी गौतम तालमीला आला, तेव्हा त्याच्या ड्रमसेटशेजारी दुसरा ड्रमसेट मांडलेला होता. त्यामागं बसून एक सडपातळ माणूस स्टँडचे स्क्रू आवळत होता.

"हा धम्मानंद," मुकुंदराव म्हणाले. "आता दोघं मिळून वाजवा."

मुकुंदराव गौतमचे वडील. जामबागेतल्या एका शाळेत पेटी शिकवून निवृत्त झालेले. तीस वर्षं स्वतःचा ऑर्केस्ट्रा चालवत होते, गायचेही तेच. गौतम बारा वर्षं त्यांच्यामागं ड्रम वाजवत होता. एका ऑर्केस्ट्रात दोन ड्रमर कशाला, असं त्यानं विचारलं. आपल्या हातात काही उणं आहे का, तेही विचारलं. मुकुंदरावांनी पेटीचा भाता उघडला आणि सूर धरला.

गौतमला वाटलं, कारण आपल्याला ठाऊक आहे.

महिन्यापूर्वी त्याची बहीण त्रिवेणी हाताला प्लास्टर घालून माहेरी आली होती. जिन्यावरून पडले म्हणाली. त्याआधी दोनदा ती अशीच पडली होती. गौतम तडक कुकटपल्लीला तिच्या सासरी गेला आणि इमारतीच्या पार्किंगमध्ये त्यानं दाजींची, ओंकारची, कॉलर धरली. पुन्हा हात लावलास तर गच्चीवरून खाली टाकीन, असं तो वॉचमन आणि शेजाऱ्यांसमोर ओरडून म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी मुकुंदराव मिठाईचा डबा घेऊन जावयाकडं गेले आणि हात जोडून माफी मागून आले. तेव्हापासून बापलेकांत कामापुरतंच बोलणं उरलं होतं.

धम्मानंद एका पॅकिंगच्या कारखान्यात कामाला होता. मी काम मागायला आलो नव्हतो, असं त्यानं पहिल्याच दिवशी गौतमला सांगून टाकलं. मुकुंदराव तीनदा त्याच्या घरी गेले होते म्हणे.

सुरुवातीला दोघांचे हात एकमेकांवर आदळायचे. एकानं जागा सोडली की नेमका दुसराही सोडायचा. गौतम मुद्दाम लय पळवायचा. धम्मानंद तक्रार न करता मागं यायचा. तिसऱ्या आठवड्यात मात्र काहीतरी जमलं. एकानं ठेका धरायचा, दुसऱ्यानं त्यावर बोलायचं, मग उलट. मनात राग असूनही गौतमच्या अंगावर काटा आला.

त्या दोघांची जुगलबंदी पाच मिनिटांची होती. मुकुंदरावांनी ती दहाची केली, मग वीसची. तेवढ्या वेळात बाकीचे सगळे स्टेजवरून उतरून चहा प्यायचे, असं ठरलं. तालमीत मुकुंदराव दारात पाठमोरे उभे राहायचे.

"काहीही झालं तरी थांबायचं नाही," ते म्हणायचे. "मी माइक हातात घेईपर्यंत थांबायचं नाही."

कार्यक्रम कुकटपल्लीच्या एका सोसायटीचा होता, रविवारी सकाळी अकराला. ओंकारची इमारत त्याच गल्लीत. त्या गल्लीत पाऊल टाकायची गौतमची इच्छा नव्हती. त्यात सोमवारी ओंकार त्रिवेणीला घेऊन जायला येणार होता. मुकुंदरावांनी तसा शब्द दिला होता.

"तो तिला मारून टाकील, बाबा," गौतम म्हणाला.

"रविवारचा कार्यक्रम नीट होऊ दे आधी," मुकुंदराव म्हणाले.

रविवारी मांडवात तीनशे माणसं होती. बाराच्या सुमारास जुगलबंदी सुरू झाली. दोन ड्रमसेटच्या दणक्यानं स्टेजच्या फळ्या हलत होत्या. लोक आधी टाळ्या वाजवत होते, मग खुर्च्या सोडून पुढं आले, फोन वर करून शूटिंग घेऊ लागले. मध्येच मांडवाच्या कडेपलीकडं कबुतरांचा थवा एकदम उठलेला गौतमला दिसला. त्यानं धम्मानंदकडं पाहिलं. धम्मानंद घामानं निथळत होता. दोघांचेही हात भरून आले होते, पण माइक अजून रिकामा होता. ते वाजवत राहिले.

अखेर मुकुंदरावांनी माइक घेतला. पहिल्याच ओळीला त्यांचा श्वास तुटला. असं कधी होत नसे. ऊन फार आहे, असं गौतमला वाटलं.

तीन वाजता फोन आला. ओंकार पाचव्या मजल्यावरच्या गच्चीवरून पडून जागीच गेला होता. दर रविवारी दुपारी तो कबुतरांना दाणे टाकायला वर जायचा. कठडा जेमतेम गुडघाभर होता.

सोमवारी इन्स्पेक्टर जामबागेत त्यांच्या घरी आला. पार्किंगमधली धमकी त्याला वॉचमननं शब्दन् शब्द सांगितली होती. त्रिवेणी भावाचा दंड धरून उभी राहिली. सोसायटीच्या लोकांनी पाठवलेला व्हिडिओ लावून मुकुंदरावांनी फोन पुढं केला.

इन्स्पेक्टरनं तो सगळा पाहिला, वेळ पडताळून पाहिली. खालच्या दुकानदारानं धप्पकन आवाज ऐकला तो बारा वाजून बारा मिनिटांनी. त्या क्षणी दोन्ही ड्रमर पडद्यावर होते.

"किस्मत अच्छी है तुम्हारी," तो गौतमला म्हणाला. "तीन सौ लोगां तुम्हारेकूच देख रहे थे."

चहा पिऊन, मुकुंदरावांचं सांत्वन करून तो गेला.

घर शांत झालं. त्रिवेणी आत जाऊन झोपली. माहेरी आल्यापासून पहिल्यांदाच तिनं दाराला कडी लावली नव्हती. मग गौतम म्हणाला, धम्मानंदला आणल्याचा आपल्याला उगाच राग आला होता. एकट्यानं वाजवलं असतं तरी व्हिडिओत आलोच असतो म्हणा, पण दोघं होतो म्हणून रंग भरला.

मुकुंदराव पेटी पुसत होते.

"एकटा वाजवणारा असला की लोक पाचव्या मिनिटाला इकडंतिकडं बघायला लागतात," ते म्हणाले. "मला वीस लागणार होती."