सुटीच्या दिवशी

"मावशी, शिंका कधीपासून येतायत?" डॉक्टरणीनं विचारलं.

शालनमावशीनं पदरानं नाक पुसलं. संशोधन संस्थेच्या प्राणीघरात सशांचे पिंजरे धुवायचं तिचं काम. तिथल्या कामगारांची दरवर्षी अशी तपासणी व्हायची. मागच्या खेपेला उंदरांच्या खोलीतल्या माणसाला दम लागतो म्हणून उचलून स्टोअरमध्ये टाकलं होतं. तिथं तो आता कपाटांशी बोलतो.

"येतात अधूनमधून," ती म्हणाली.

डॉक्टरीण तरुण होती, मायाळू होती. तिनं मावशीच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. "छातीत शिट्टी वाजतेय. सशांच्या केसांमुळं होत असेल, तर तिथलं काम बंद करावं लागेल. आता खरं सांगा हं. सुटीच्या दिवशी बरं वाटतं का?"

सशांच्या खोलीत शिरण्याआधी मावशी "आले रे पोरांनो" अशी हाक देते, म्हणजे ते दचकत नाहीत. रविवारी बाजारातून परतून घराचं कुलूप काढतानाही तीच हाक ओठांवर येते. मग ती गिळावी लागते.

"बरं कसलं? रविवारी जास्तच! छाती अशी भरून येते ना, बाई. सोमवारी इथं आलं की मोकळी होते."

डॉक्टरीण बुचकळ्यात पडली. "हे तर उलटंच झालं. मग ससे नव्हेत. तुमच्या घरातच काहीतरी असणार. ओल, धूळ, मांजर... काय आहे घरात?"

मावशीनं खरंच आठवून पाहिलं.

"कुणीच नाही," ती म्हणाली.