तिसरा चमचा

“तोंड उघडा,” बायको म्हणाली.

दवाखान्यातल्या बाकावर चार माणसं बसली होती. त्यांच्यादेखत लिफ्टवाल्यानं मुकाट्यानं तोंड उघडलं. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून थेट आला होता, पान्यांची पेटी अजून हातातच होती. तिनं वास घेतला. ग्रीसचा वास आला, दारूचा नाही. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळाधमक झाला होता. वास लपवता येतो हो, डोळे कुठे लपवणार?

पाच वर्षांपूर्वी त्यानं दारू सोडली. तेव्हाच तिनं बजावलं होतं, “पुन्हा एक थेंब गेला, तर मी माहेरी. परत यायची नाही.” आज घरी दाराआड तिची बॅग भरून तयार होती. संध्याकाळी भाऊ न्यायला येणार होता. जित्याची खोड, दुसरं काय!

आणि तिनं तरी काय करायचं बाकी ठेवलं होतं? थंडी सरून झाडांना पालवी फुटली, की दरवर्षी ती त्याच्या लिव्हरच्या मागे हात धुऊन लागायची. सकाळी फिरणं, तळलेलं बंद, रात्री हलकं जेवण. यंदा त्यात एका हिरव्या पावडरीची भर पडली होती. कोमट पाण्यात एक चमचा, की लिव्हर लख्ख, असं दुकानदारानं छातीठोक सांगितलं होतं. त्याचं तोंड उतरलेलं दिसलं, तिनं दोन चमचे केले. डोळे पिवळे झाले, तिनं तीन केले. तो नाक दाबून घटाघट प्यायचा आणि ग्लास विसळून ठेवायचा. तक्रारीचा चकार शब्द नाही. हा माणूस एवढा गुणी वागतोय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिनं तेव्हाच ताडलं होतं.

आतून हाक आली. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“दारू?”

“पाच वर्षांत शिवलो नाही.”

बायकोची नजर त्याच्या हातावर होती. खोटं बोलताना त्याचा हात आपसूक कानाच्या पाळीकडे जातो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? दारूच्या दिवसांत “अगं, सरबत प्यायलो” म्हणता म्हणता पाळी लालबुंद व्हायची. आज हात मांडीवर गप्प पडून होता. मेल्यानं तीही सवय मोडली वाटतं! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“बाई, धडधडीत थाप मारतायत हे.”

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. “दुसरं काही घेता? गोळ्या, काढा, पावडर? नीट आठवून सांगा. लिव्हरला चांगलीच सूज आहे. कारण सापडलं नाही, तर प्रकरण हाताबाहेर जाईल.”

“छे, छे. काहीच नाही.”

आणि त्याचा हात कानाच्या पाळीकडे गेला.

बायकोनं एकदा त्याच्या हाताकडे पाहिलं, एकदा त्या पिवळ्या डोळ्यांकडे.

“पावडर,” ती कशीबशी म्हणाली. “मी देते. रोज. तीन तीन चमचे. पालवी फुटली, की लिव्हर साफ करायला फिरणं, हलकं जेवण, आणि यंदा ही.”

“आजपासून बंद,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आणि तो डबा मला आणून दाखवा. अहो, ऋतू बदलला म्हणून लिव्हर घासायला ते काय भांडं आहे? फिरणं, हलकं जेवण चालू ठेवा, तेवढं पुष्कळ झालं. वेळेत आलात. बहुतेक भरून येईल.”

बाहेर पायरीवर तिनं त्याची बाही धरली. डोळ्यांतलं पाणी काही केल्या खळेना.

“बाधतंय, हे कळत होतं ना तुम्हाला?”

“पहिल्या आठवड्यापासून. प्यायलो की मळमळायचं.”

“मग नको म्हणायचं होतंत! जिवावर बेतलं असतं म्हणजे?”

लिफ्टवाल्यानं पेटी या हातातून त्या हातात घेतली.

“तुझा ग्लास नको म्हणालो असतो,” तो म्हणाला, “तर तुला वाटलं असतं, मला जुना ग्लास पुन्हा सापडला.”