पासष्ट किलो

"खुर्ची आहे हो, पण वजन बसत नाही," काउंटरवरच्या बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

मिस्त्रींनी काचेतून बाहेर पाहिलं. नऊ खुर्च्यांचं ते इवलंसं विमान समोरच उभं होतं.

"अहो, दीडशे किलोमीटर तर जायचंय! एरवी पस्तीस मिनिटांत पोचतं."

"एरवी. आज वारा समोरून आहे. पन्नास मिनिटं लागतील, म्हणून इंधन जास्त भरलंय. तेवढं वजन कुठेतरी कमी करावं लागतं. उद्या या."

उद्या! बायको चार दिवसांसाठी पलीकडच्या बेटावर माहेरी गेली काय आणि न्यूमोनियाने दवाखान्यात आडवी पडली काय. विमान दिवसातून एकच. बोटीला अकरा तास, आणि तीही परवा.

सकाळीच मेहुण्याचा फोन आला होता. "भाऊजी, आजचा दिवस निभावला की ताई वाचली, असं डॉक्टर म्हणतात. ते सगळी सोय करताहेत. तुम्ही फक्त या. सारखी तुमचीच वाट बघतेय."

"बाई, माझं वजन ते केवढं?" मिस्त्री काकुळतीला आले. "चौसष्ट किलो. वीस वर्षं बायकोच्या हातचं खाऊनही अंगाला लागलं नाही बघा."

बाईंना हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. त्यांनी मालाची यादी पुढे ओढली.

"हा एक खोका आहे, पासष्ट किलोचा. आत काय आहे कोण जाणे. 'विमानतळावरून नेणार' एवढंच लिहिलंय. अर्जंट असला तर माझी पंचाईत व्हायची."

विमानाजवळच्या ढकलगाडीवर हिरवा खोका होता. मिस्त्रींनी तो लांबूनच ओळखला.

"अर्जंट कसला! आमच्याच वर्कशॉपचा आहे. मोटर आहे. कालच मी वाइंडिंग करून दिलं. तिकडच्या विहिरींवरच्या मोटरी आमच्याकडेच तर येतात."

खरं तर मोटर कुणाची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कामाच्या कार्डावर नुसता नंबर असायचा. 'उद्याच्या विमानाने गेलीच पाहिजे' म्हणून फोरमन दिवसभर डोक्यावर बसला होता, पण त्या माणसाला टेबलफॅनसुद्धा अर्जंट वाटायचा.

"नक्की ना?"

"सही करून देतो."

त्यांनी सही केली. हमालाने खोका परत शेडमध्ये नेऊन ठेवला.

ती पन्नास मिनिटं मिस्त्रींनी घड्याळाकडे बघत काढली. खाली पाणी संपता संपत नव्हतं. वारा विमानाला मागे रेटत होता आणि ते मुठी आवळून बसले होते. करणार तरी काय बिचारे?

दवाखान्यात बायकोच्या तोंडावर मास्क होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तिने डोळे उघडले आणि त्यांचं बोट घट्ट धरलं. मिस्त्रींना रडू आवरेना. पोचलो एकदाचे!

"आलात, फार बरं झालं," डॉक्टर म्हणाले. त्यांची नजर मात्र सिलिंडरच्या काट्यावर होती. "हा शेवटचा. तासभर पुरेल. पण आता काळजी नको. आमच्या ऑक्सिजन प्लांटची मोटर दुरुस्त होऊन तुमच्याच विमानाने आलीय, ड्रायव्हर आणायला गेलाय. हिरवा खोका. तुम्ही पाहिला असेल ना?"