‘हालहवाल’चे वाचक

“उघडला म्हणजे वाचला असं होत नाही,” विद्याधर गुप्ते तिसऱ्यांदा म्हणाले.

चेन्नईत टी. नगरमधल्या मराठी मंडळाच्या हॉलवर कार्यकारिणी बसली होती. चिटणीस उपेंद्र यांनी आपला मोबाइल सगळ्यांना दिसेल असा धरला. मंडळाचं मासिक ‘हालहवाल’ दोन महिने न छापता ईमेलने जात होतं. एकशे चौऱ्याण्णव सभासदांपैकी एकशे ऐंशी जणांनी ते उघडल्याची नोंद त्यात दिसत होती.

“आणखी काय पुरावा हवा, विद्याधरराव? टपालात गहाळ होत नाही, शिवाय कागद वाचतो.”

“कागद वाचतो, पण अंक कोण वाचतो?”

दोघंतिघं हसले. उपेंद्रही हसले, कारण बहुमत त्यांच्या खिशात होतं. तिसरा ई-अंक गेला की महिनाअखेरच्या रविवारी मतदान, आणि मग छापील अंक कायमचा बंद.

विद्याधर सत्तावीस वर्षं ‘हालहवाल’चे संपादक होते. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातली नोकरी संपली, लेक लग्न होऊन नाशिकला गेली, अंक तेवढा राहिला. तो छापून यायचा, तेव्हा पेरांबूरच्या घरी बसून ते स्वतः पत्ते चिकटवायचे. आपलं लिहिलेलं दोनशे घरांत वाचलं जातं, या एका समजुतीवर म्हातारा उभा होता.

आणि ही समजूत हवेतली नव्हती. गेल्या वर्षी त्यांची पत्नी कल्पना वारली, तीही नाशिकला, लेकीच्या घरी. सगळं उरकून विद्याधर दोन महिन्यांनी परतले आणि त्यांनी पहिल्या पानावर तिच्या निधनाची काळी चौकट छापली. पुढच्या सभेत कुणी तो विषय काढला नाही. ताकाचा पेला मात्र आधी त्यांच्या हातात दिला. माणसं खपली काढत नाहीत, एवढी समज त्यांना आहे, असं वाटून विद्याधरांना भरून आलं होतं. मोबाइलवर चाळणाऱ्यांकडून अशी समज कुठून यायची?

तिसऱ्या अंकाचा मजकूर त्यांनी ई-अंक जुळवणाऱ्या निधीकडे पाठवला. ती ओरगडमच्या मोटार कारखान्यात इंजिनिअर. जन्म, शाळा, सगळं चेन्नईतलं.

“अंकल, तुम्ही पाठवा, मी तसंच पेस्ट करते,” ती फोनवर म्हणाली. “मराठी वाचायला मला फार टाइम लागतो. सॉरी हां.”

“नको वाचूस, बाळ,” विद्याधर म्हणाले. “कुणीच वाचत नाही.”

हळदीकुंकवाचा वृत्तान्त आणि सहलीची सूचना यांच्या मध्ये त्यांनी दोन ओळी घातल्या होत्या. ‘हालहवालचे संपादक श्री. विद्याधर गुप्ते (वय ७४) यांचे सोमवारी पहाटे राहत्या घरी झोपेत निधन झाले. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.’

अंक मंगळवारी सकाळी गेला. विद्याधरांनी बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या. कुणी समाचाराला आलंच, तर हात जोडून माफी मागायची, चहा पाजायचा आणि हरलो म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. दूध अर्धा लिटर जास्त घेतलं.

कुणी आलं नाही. दूध नासलं.

फोन दोनदा वाजला. एकदा गॅसवाला, एकदा तमिळमध्ये क्रेडिट कार्ड विकणारी मुलगी. तिच्याशी विद्याधर पाच मिनिटं बोलले.

चौथ्या दिवशी त्यांना वाईट वाटलं. आठव्या दिवशी मात्र त्यांना चक्क आनंद झाला. संपादक मेला आणि एकाही सभासदाला पत्ता नाही! याहून मोठा पुरावा काय हवा? उपेंद्रांचे ते एकशे ऐंशी म्हणजे नुसतेच बोट लावणारे. आता सभेत उभं राहून एकच प्रश्न विचारायचा: मी कोण? भूत?

अकराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, ते इस्त्रीचा सदरा घालून रिक्षाने नुंगंबाक्कमला गेले. सभेआधी उपेंद्रांचा चेहरा एकट्याने पाहायचा, ही हौस त्यांना आवरली नाही.

उपेंद्रांनीच दार उघडलं. ते दोन पावलं मागे सरले आणि भिंतीला टेकले.

“तुम्ही? अहो, पण तुम्ही तर...”

विद्याधरांचं हसू जागीच विरलं. “तुम्ही वाचलंत?”

“वाचलं म्हणजे? सगळ्यांनीच वाचलं!” उपेंद्रांचा आवाज आता चढला. “ही काय थट्टा झाली? हे बघा.”

त्यांनी मोबाइल पुढे केला. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, विद्याधर ज्यात कधी शिरलेच नव्हते. मंगळवार, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं. भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली जोडलेले हात, मग आणखी जोडलेले हात, बोटाने वर सारत राहिलं तरी संपेनात. मध्येच कुणीतरी विचारलं होतं, पुढचा अंक आता कोण बघणार? त्यालाही तिघांनी हात जोडले होते.

विद्याधर कोचावर बसले. उपेंद्रांनी पाणी आणून दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरलं. ई-अंक वाचला जात होता. मतदान आता झालं काय, न झालं काय. तेवढं एक वेळ गिळता आलं असतं.

“पेरांबूर काय काळ्या पाण्यावर आहे?” ते हळूच म्हणाले. “एकालाही घरी यावंसं वाटलं नाही?”

उपेंद्र खरोखरच ओशाळले. जवळ बसले, विद्याधरांच्या गुडघ्यावर त्यांनी हात ठेवला.

“असं कसं म्हणता? पाचसहा जणांनी मिळून यायचं पक्कं ठरलं होतं. पण म्हटलं, तेराव्यापर्यंत घरात पाहुण्यांची गर्दी असेल. कल्पनावहिनी जरा सावरल्या, की मगच जाऊ.”