एकोणनव्वदचा हंस छाप

"घाई करू नका काका, नीट बघा," सुखदा म्हणाली आणि तिने रुमालात गुंडाळलेली वस्तू टेबलावर ठेवली.

नरसिंहरावांना धीर कुठला निघायला! सकाळपासून ते सहा वेळा फाटकापर्यंत जाऊन आले होते. रुमालाची गाठ सोडताना त्यांची बोटं लहान मुलासारखी घाई करत होती.

"री, आधी त्या मुलीला बसा तरी म्हणा," अहल्याबाई कॉफी ठेवत म्हणाल्या. "मारतहळ्ळीहून जयनगरला यायला दीड तास लागला तिला. तुमचा चाकू कुठे पळून जात नाही."

"स्वल्प थांब गं!" नरसिंहराव ओरडले. रागाने नाही, आनंदाने.

रुमालात घडीचा चाकू होता. लाल मूठ, काळपट पडलेलं पातं.

नरसिंहरावांची सगळी नोकरी बोम्मसंद्र्याच्या एका चाकूच्या कारखान्यात गेली होती. हंस छाप घडीचे चाकू तिथे टोपल्या भरभरून निघत आणि ते चेकिंग विभागात बसून बरे-वाईट वेगळे करत. कारखाना बंद पडला आणि त्यांना हे वेड लागलं. प्रत्येक वर्षाचा एक चाकू त्यांनी हुडकून काचेच्या कपाटात लावला. प्रत्येकाखाली त्यांच्याच अक्षरातलं कार्ड असे: साल, मालक, कुठे सापडला. कार्डाशिवाय चाकू कपाटात जात नसे, हा त्यांचा नियम होता. तो मोडायला ते बायकोचंही ऐकत नसत.

कपाटातल्या अठरा जागांपैकी सतरा भरल्या होत्या. एकोणनव्वदची रिकामी होती, आणि त्या एका जागेपायी त्यांनी गेली नऊ वर्षं भंगारवाल्यांचं डोकं खाल्लं होतं.

"मला पैसे नकोत," सुखदाने फोनवर सांगितलं होतंच, आता पुन्हा सांगितलं. "मुंबईच्या रणवीर म्हणून एका संग्राहकांनीपण विचारलंय. जो ह्या चाकूबद्दल सगळ्यात जास्त सांगेल, त्याला मी तो देणार. सिंपल."

"सरी!" नरसिंहरावांनी भिंग उचललं. "ही हंसाची मान बघ, अम्मा. अठ्ठ्याऐंशीपर्यंत सरळ होती. मग ठसा झिजला, नवा केला, त्यात मान वाकली. म्हणजे हा त्यानंतरचा. आता मूठ बघ. नव्वदपासून तीन रिव्हेट मारायचे. इथे किती?"

"दोन."

"मग कुठलं साल उरलं?" त्यांनी टेबलावर थाप मारली, कॉफी बशीत सांडली. "एकोणनव्वद! आणि लाल मूठ बाजारात कधी गेलीच नाही. आयुधपूजेला कामगारांना वाटायला काढली होती. दोनशे नग, माणशी एक."

सुखदा हसली. "रणवीरनी फक्त साल सांगितलं होतं. लाल मुठीचं त्यांना माहीत नव्हतं."

नरसिंहरावांची छाती फुगली.

"पण मग दोनशे लोकांकडे सेम चाकू," ती म्हणाली. "कोणता कुणाचा, हे कळू शकतं?"

"छे! साच्यातला माल. आम्हालाच कळत नसे. त्या वर्षी मोठ्या साहेबांनी एकदा सगळ्यांना आपापला चाकू घेऊन रांगेत उभं केलं होतं. का ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. एकाला म्हणे दाखवता आला नाही, तो मग कामावर दिसला नाही."

"तुम्ही दाखवलात?"

"मी चेकिंगचा! मला कोण विचारणार?" ते खो खो हसले. "आणि दाखवायला होता कुठे? माझा त्याआधीच खिशातून कुठेतरी पडला होता. दोन दिवस जेवलो नाही, विचार हिला."

"इडली खाल्ली होती," अहल्याबाई म्हणाल्या.

हसत हसतच त्यांनी पातं उघडलं आणि उलटं करून भिंगाखाली धरलं. हसू थांबलं. ते खिडकीपाशी गेले, पुन्हा बघितलं, आणि तिथूनच त्यांनी बायकोला हाक मारली. आवाज चिरकला होता.

"अहल्या! नोडी, बघ इकडे! दोन खाचा आहेत!"

"कसल्या खाचा?" सुखदा उठून उभी राहिली.

"पातं उघडायला नखाची खाच असते ना, ती मशीन एकाच बाजूला पाडतं. उजव्या हातवाल्यांसाठी. मी डावरा! दुपारच्या सुट्टीत कानस घेऊन मी दुसऱ्या बाजूला पाडली होती. ही बघ, वाकडी आलीय. अम्मा, हा माझा चाकू आहे! माझा स्वतःचा!"

त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. अहल्याबाईही पदराने डोळे पुसू लागल्या.

"दुसऱ्या कुणी पाडली नसेल?"

"दोनशे माणसांत डावरा मी एकटा. आणि माझी वाकडी खाच मी ओळखणार नाही?"

"शंभर टक्के?"

"शंभर काय, दोनशे टक्के!"

"मग तुम्ही जिंकलात काका," सुखदा हळूच म्हणाली. "चाकू तुमचा. पण कार्ड आत्ता लिहा, माझ्यासमोर. मला फोटो हवाय."

नरसिंहरावांनी कोरं कार्ड काढलं. सुंदर, टपोऱ्या अक्षरात लिहिलं: हंस छाप, १९८९. मालक: नरसिंहराव. खाली झोकात सही ठोकली. सुखदाने फोटो घेतला, मोठा करून सही नीट वाचता येते का ते बघितलं.

"आता शेवटची ओळ," ते पेन सरसावून म्हणाले. "विचारायचंच राहिलं बघ आनंदात. कुठे सापडला म्हणून लिहू?"

"लिहा, पॉलिश मशीनच्या तुटलेल्या पट्ट्याखाली," सुखदा म्हणाली. "पट्टा मुद्दाम कापल्याचा आळ घेऊन, हाच चाकू पुढे टाकून, रांगेत चाकू दाखवता न आलेल्या माझ्या बाबांना कामावरून काढलं होतं."