धार लावणारा

बाहेर गाडी थांबली तशी इदवालने हातातलं हत्यार झटकन पोत्याखाली सरकवलं. कार्बाइडचं चौकोनी टोक बसवलेलं, लांब दांड्याचं. दांडा हातभर बाहेरच राहिला. त्यावर त्याने टोपी टाकली. मग भिंतीवरची जुनी गोल पटाशी काढून लेथपाशी ठेवली, जसं काही आत्ता तिनेच काम चाललं होतं.

लेथवर सिकामोरच्या ओल्या लाकडाचा वाडगा होता. अर्धा कोरलेला.

नेरिस बापाला धरून आत आली. एमलिनचा उजवा पाय फरफटत होता. डाव्या हातात काठी, उजवा हात कोटाच्या खिशात, कोणीतरी उचलून ठेवल्यासारखा.

“काका, वीस मिनिटं हं फक्त,” नेरिस म्हणाली. “अंधाराच्या आत स्वान्सीला घरी पोचायचंय. मी पेट्रोल भरून येते. त्यांना उभं ठेवू नका, आणि कशाला हात लावू देऊ नका.”

“पोरगी आहे की आई आहे, कळत नाही,” एमलिन म्हणाला. ती गेल्यावर म्हणाला, जरा हळूच.

इदवालने खुर्ची ओढली. एकतीस वर्षं या शेडमध्ये हत्यारांना धार एमलिनने लावली आणि वाडगे इदवालने काढले. इदवालने कधी धारेच्या चाकाला हात लावला नाही, एमलिनने कधी लेथला. जानेवारीत एमलिन लकव्याने पडला आणि पोरीने त्याला आपल्या घरी नेलं. आता ऑक्टोबर लागला होता.

“चहा?”

“नको. मुतायला उठवावं लागतं मला.”

एमलिन खाली बघत होता. गोल पटाशीने ओलं लाकूड सोललं की लांबच लांब रिबिनी निघतात, पायात गुंततात. इथे जमिनीवर नुसते बारीक तुकडे होते. आणि पीठ.

“धार कोण लावतं रे तुला आता?”

“मीच.”

“तू?”

“मग! त्यात काय एवढं?”

एमलिनने डावा हात पुढे केला. “दे इकडं.”

इदवालने पटाशी दिली. एमलिनने तिच्यावरून अंगठा फिरवला. मग गालावरून फिरवली, गालाला काही झालं नाही.

“हिने लोणीपण कापायचं नाही. वाडगा काय दातांनी कोरलास? तुझे तर दातही खोटे.”

एमलिनने काठीने टोपी उडवली. पोतं बाजूला केलं.

“अच्छा,” तो म्हणाला. “हे आहे होय!”

“मग काय करायचं होतं मी?” इदवाल एकदम भडकला. “दुकानवाल्याला पंधरा वाडगे द्यायचेत. चाकावर बसलो तर दोन पटाश्या जाळून ठेवल्या, तापून निळ्या पडल्या! याला धार लावावी लागत नाही. बोथट झालं की टोक फिरवायचं, नवी कड पुढे. कोणाची गरज नाही लागत. तू निघून गेलास, मी काय...”

“निघून गेलो? पोत्यासारखा उचलून नेला मला.”

एमलिनने काठी लेथकडे केली. बाहेर मेंढ्या ओरडत होत्या.

“चालू कर,” एमलिन म्हणाला.

“कशाला?”

“कर म्हटलं ना.”

इदवालने लेथ चालू केला. हत्यार उचलून टेकूवर ठेवलं आणि लाकडाला लावलं. ते किंचाळलं. वाडग्यातून पीठ उडालं.

“बंद कर, बंद कर! बहिरा झालास का? मेलीये ती कड. कधीची मेलीये. आणि दांडा खाली का सोडतोस? ही पटाशी नाही. सरळ धर, टेबलासारखं.”

“तुला काय माहीत? तू कधी वापरलंयस?”

“नेरिसच्या घरी दुसरं करतो काय मी? टीव्हीवर असलंच बघत बसतो.” त्याने बोटं हलवली. “स्क्रूची चावी आण.”

इदवालने हत्यार त्याच्या गुडघ्यांवर आडवं धरलं. एमलिनने डाव्या हाताने चावी लावली. दोनदा निसटली. इदवालला मदत करावीशी वाटली, पण त्याने हात हलवला नाही. तिसऱ्यांदा स्क्रू सैल झाला. एमलिनने फुंकर मारून खालचा भुसा उडवला, टोक पाव फेरी फिरवलं आणि स्क्रू हळूहळू आवळला.

“दोन कडा वापरल्यास. ही तिसरी. अजून एक उरलीये,” तो म्हणाला. “किती टिकते एक?”

“चार महिने. जपून वापरली तर.”

“चार महिने.” एमलिनने हातातली चावी उलटीसुलटी केली. “आवळताना तुझा हात म्हणजे हातोडा. टोक तडकवशील. ही कड गेली की फोन कर. नेरिसला सांगेन, गाडी काढ म्हणून.”

“येऊ देईल ती?”

“कामासाठी येतो म्हटलं तर देईल.”

बाहेर हॉर्न वाजला.

गाडी वळणाआड गेली तरी इदवाल दारात उभा होता. मग आत आला. लेथ चालू केला, अर्धा वाडगा पूर्ण कोरला. नव्या कडेने तुकडे भराभर उडाले, कुठे किंचाळणं नाही. गुळगुळीत, गोड काम. त्याने वाडग्याच्या बुडावर तारीख घातली आणि तो सुकायला फळीवर ठेवला. वर्षभर सुकणार, मग शेवटचा हात.

पुढचा सिकामोरचा ठोकळा त्याने उचलला, आणि परत ठेवला.

शेडमागे तैवी नदीच्या पुरात वाहून आलेलं ओकचं खोड पडलं होतं. सालीच्या भेगाभेगांत रेती आणि खडे ठासून भरलेले. असल्या लाकडाजवळ कोणी शहाणा माणूस हत्यार नेत नाही, कड लगेच मरते. इदवालने करवतीने त्याचा एक ठोकळा कापला आणि धापा टाकत आत आणला. साल तासली नाही. ब्रशही मारला नाही. तसाच, चिखलासकट, लेथवर चढवला.

टोक लागताच रेती करकरली.

त्याने आणखी दाबलं.